देश अवघड की सोपा: खळ्यात बसून कसं ठरवायचं

आंब्याच्या शेवटच्या पेट्या गेल्या, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या, की कोकणातल्या आमच्या वाडीत एक प्रश्न हमखास येतो. "यंदा बाहेरचा एखादा देश बघून यावा म्हणतोय. झेपेल का हो?" विचारणारे कधी बागायतदार असतात, कधी मच्छीमार, कधी नुकत्याच निवृत्त झालेल्या शाळेतल्या बाई. गेली काही वर्षं मी घरच्यांना घेऊन थोडाफार फिरलो, शेजाऱ्यांचे व्हिसाचे अर्ज भरून दिले, काहींची फजिती जवळून बघितली. त्यातून ही पद्धत तयार झाली. पहिल्यांदाच परदेशी जाणाऱ्यांसाठी ती सविस्तर लिहितो.

आमच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध आहे. होडी आत घेताना तांडेल भरती किती चढलीय ते बघतो, वारा बघतो, होडीत माल किती आणि इंजिन कसं चाललंय ते बघतो. तेच तोंड सकाळी पोराच्या हातात सुकाणू देऊन पार होतं आणि संध्याकाळी जुना तांडेलही बाहेर नांगर टाकून थांबतो. देशाचंही मला तसंच वाटतं. भूतान अवघड की सोपा याला उत्तर नाही. अडुसष्ट वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या माझ्या आईला ऑक्टोबरात भूतान कसा, याला उत्तर आहे.

पहिली पायरी: आधी माणसं लिहा

एक वही घ्या. देशाचं नाव लिहायच्या आधी जाणाऱ्या माणसांची नावं लिहा आणि प्रत्येकापुढे खरं खरं लिहा: वय, सलग किती चालू शकतो, रोजच्या गोळ्या कोणत्या, काय खातो आणि काय अजिबात खात नाही, इंग्रजी किंवा हिंदी किती, मोबाइल स्वतः वापरता येतो का, रात्री किती वेळा उठावं लागतं. शेवटचं वाचून हसू नका. सोळा जणांच्या खोलीत राहायची तयारी असलेला तरुण आणि मधुमेह असलेले काका यांच्यासाठी एकच शहर दोन वेगळी शहरं असतात.

मग सहा रकाने आखा: कागद, वाट, रोजचा दिवस, अंग, कायदा आणि परतणं. प्रत्येक रकान्यात 0 ते 3 मधला एक आकडा लिहायचा. रोज घरी करतो तसंच असेल तर 0. एकदा कुणाला विचारून जमेल तर 1. जायच्या आधी मुद्दाम तयारी करावी लागेल तर 2. आज आहोत तसे गेलो तर अडकूच, असं असेल तर 3.

हे आकडे बेरजेसाठी नाहीत. बहुतेक जण सहा आकड्यांची बेरीज करून "अमका देश सात, तमका नऊ" असं ठरवतात. होडीच्या पाच फळ्या धड आणि एक कुजलेली असेल तर सरासरी काढून कुणी समुद्रात जात नाही. सगळ्यात मोठा आकडा कुठल्या रकान्यात, कुणाच्या नावापुढे आहे, एवढंच शोधायचं. तो खाली आणता आला तर जा. नाही आला तर देश बदला किंवा महिना बदला.

दुसरी पायरी: कागद

इथे लोक सगळ्यात जास्त घाबरतात. माझ्या मते हा रकाना सगळ्यात सरळ आहे, कारण यातलं जवळजवळ सगळं घरी बसून आधी कळतं.

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतरही किमान सहा महिने चालणारा हवा आणि त्यात दोन तरी कोरी पानं हवीत. नाव नीट बघा. लग्नानंतर बदललेलं नाव, मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं, आडनावाचा रकाना रिकामा, हे घोळ आपल्याकडे फार. पासपोर्टावर फक्त एकेरी नाव असेल तर संयुक्त अरब अमिरातीच्या पर्यटक व्हिसाला अडचण येते. हा नियम 2022 च्या नोव्हेंबरात आला आणि आखातात जाणं घरचंच मानणाऱ्या आपल्या भागातल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांना तो तेव्हा पहिल्यांदा कळला.

मग व्हिसा. नेपाळ आणि भूतानला आपल्याला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं, पण आधार कार्डावर विसंबून निघू नका. भूतानला मात्र प्रत्येक रात्रीचे माणशी 1,200 रुपये शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं. चार माणसं आणि पाच रात्री म्हटलं की 24,000 रुपये इथेच गेले (लहान मुलांना सवलत आहे). मॉरिशसलाही आधी व्हिसा काढावा लागत नाही. श्रीलंका आणि व्हिएतनामची परवानगी ऑनलाइन मिळते. थायलंडने 1 मे 2025 पासून डिजिटल आगमन पत्रक सक्तीचं केलं आहे. ते फुकट असतं, पण हुबेहूब सरकारी दिसणारी आणि त्यासाठी पैसे उकळणारी संकेतस्थळं ढीगभर आहेत. पत्ता सरकारी आहे ना, हे बघितल्याशिवाय कार्डाचा नंबर टाकू नका.

युरोपातल्या शेंगेन देशांचं काम लांबचं. एका व्हिसावर 29 देश फिरता येतात, प्रौढाचं शुल्क 11 जून 2024 पासून 90 युरो आहे, अर्ज नाकारला तरी ते परत मिळत नाही. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, त्यामुळे मेमध्ये जायचं तर दिवाळीनंतर लगेच कामाला लागा.

बागायतदारांनी आणि मच्छीमारांनी पुढचा भाग दोनदा वाचावा. मोठ्या देशांचे वकिलातीवाले बँकेचं गेल्या काही महिन्यांचं विवरण आणि आयकराची विवरणपत्रं मागतात. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून आपल्यातल्या अनेकांनी विवरणपत्र कधी भरलेलंच नसतं. त्यात आंब्याचा पैसा एप्रिल-मेमध्ये एकदम येतो आणि उरलेलं वर्ष खातं झोपलेलं असतं. जूनमध्ये अर्ज केला की कागदावर असं दिसतं, की गरिबाच्या खात्यात कुणीतरी अचानक पाच लाख आणून टाकले. अशा अर्जावर नाहक शंका येते. उपाय आहे. सातबारा, विक्रीच्या पट्ट्या, कॅनिंगला दिलेल्या मालाच्या पावत्या, सोसायटीचा उतारा हे सगळं इंग्रजी भाषांतरासह लावा आणि सोबतच्या पत्रात चार ओळींत हंगाम समजावून सांगा: आमचं पीक वर्षातून एकदा येतं, पैसा त्या दोन महिन्यांत जमा होतो, गेल्या तीन वर्षांचं खातं बघा. शक्य असेल तर आधीच्या वर्षीपासून शून्य कराचं का होईना, विवरणपत्र भरायला सुरुवात करा. हे सगळं नीट केलं की कागदाचा 3 खाली 2 वर येतो.

आणि एक कळकळीचं सांगणं. "पर्यटक व्हिसावर चला, तिथे गेल्यावर नोकरीचं बघू" असं कुणी सांगत असेल तर त्या माणसाला चहा देऊन परत पाठवा. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टावर सहसा इमिग्रेशन तपासणीचा शेरा असतो. त्यांना आखातासह 18 देशांत नोकरीसाठी जाताना सरकारी मंजुरी लागते आणि ती त्यांच्याच रक्षणासाठी आहे. फिरायला जाण्याशी तिचा संबंध नाही.

तिसरी पायरी: वाट

मुंबई ते दुबई विमानाला साधारण तीन तास लागतात. रत्नागिरीहून मुंबईला रेल्वेने जायला त्याच्या दुप्पट वेळ लागतो आणि रस्त्याने किती लागेल ते महामार्गाची मर्जी. परदेशवारीतला सगळ्यात बेभरवशाचा तुकडा आपल्या दारापासून सुरू होतो. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेगळं वेळापत्रक असतं, गाड्या हळू धावतात, घाटात दरड आली की रस्ता तासन्‌तास बंद. जून ते सप्टेंबरमध्ये उड्डाण असेल तर आदल्या दिवशीच मुंबईत मुक्काम धरा. त्या मुक्कामाचा खर्च तिकिटाचाच भाग समजा. सावंतवाडी, वेंगुर्ला, कुडाळकडच्या लोकांनी आधी गोव्यातल्या मोपा विमानतळाची उड्डाणं बघावीत, मुंबईचा सगळा धबडगा वाचतो.

पुढे किती विमानं बदलायची, तेही मोजा. पहिल्या वेळी थेट विमान मिळत असेल तर तीन-चार हजार जास्त मोजून तेच घ्या. वाटेत विमान बदलायचं असेल तर दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर आहेत ना, ते बघा. वेगवेगळी तिकिटं काढली आणि पहिल्या विमानाला उशीर झाला तर दुसरं बुडालेलं आपल्याच अंगावर येतं.

याच रकान्यात महिनाही येतो. आपल्याला मोकळीक मिळते ती जून-जुलैत, कारण आंबा संपलेला असतो आणि 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी असते. तेव्हा जगात कुठे कसं असतं ते बघा. नेपाळ-भूतानमध्ये तेव्हा आपल्यासारखाच पाऊस, वर डोंगर ढगात. आखातात बाहेर पाय टाकवत नाही असं ऊन. श्रीलंकेची गंमत अशी, की नैऋत्य मोसमी पाऊस तिच्या कोलंबो-गॉलच्या बाजूला पडतो आणि त्रिंकोमालीची पूर्वेकडची बाजू त्याच वेळी कोरडी असते. बालीत तेव्हा कोरडा हंगाम आणि मॉरिशसला सुखद हिवाळा. म्हणजे जूनमध्ये सुटणाऱ्या बागायतदाराला युरोपचं स्वप्न बाजूला ठेवूनही चांगल्या जागा आहेत. गणपती आणि शिमगा सोडून जायला कुणी तयार होणार नाही, ते मी धरूनच चाललोय. तरी सांगतो, मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. आपल्याच भागातून एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर गेलेल्या मराठी माणसांनी तो सण तिथे जपला आहे.

चौथी पायरी: तिथला रोजचा दिवस

आता डोळे मिटून तिथल्या एका साध्या मंगळवारची कल्पना करा. सकाळी उठलात, चहा हवाय, आईची गोळी संपलीय, बस पकडायचीय. यातलं काय काय स्वतःचं स्वतः जमेल?

लिपी हा यातला मोठा भाग. माझी आई चौथी शिकलेली, फक्त देवनागरी वाचते. काठमांडूत पहिल्या सकाळी ती दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत माझ्या पुढे चालत होती. "औषधि पसल" वाचून थांबली आणि म्हणाली, "हे औषधाचं दुकान, हो ना?" त्या एका पाटीने तिची भीती गेली. पुढचे चार दिवस तिने माझा हात धरला नाही. इंग्रजी उत्तम येणाऱ्या माणसाच्या हे लक्षातही येणार नाही, पण आईच्या वहीत नेपाळच्या रोजच्या दिवसाला 0 लिहिलं होतं ते याच कारणाने. श्रीलंकेत पाट्या सिंहली, तमिळ आणि इंग्रजीत असतात. आखातात अरबी आणि इंग्रजी, शिवाय हिंदी बोलणारा माणूस दहा पावलांवर सापडतो.

मोबाइलचं आधी विचारा. अमिरातीत व्हॉट्सअॅपवर संदेश जातात पण कॉल लागत नाही. दुबईत नातेवाईक असलेल्या प्रत्येक घराला बोटिम हे कॉलचं अॅप माहीत आहे ते त्यामुळे. चीनमध्ये व्हॉट्सअॅप आणि गूगल दोन्ही चालत नाहीत. ज्याचा सगळा आधार मोबाइलवरचा नकाशा आणि मुलाला लावलेला व्हिडिओ कॉल आहे, त्याच्यासाठी तिथला रोजचा दिवस 3 आहे, भले रस्ते कितीही चकाचक असोत.

पैशाचं थोडक्यात: यूपीआय नेपाळ, भूतान, श्रीलंका, सिंगापूर, मॉरिशस, अमिरातीत काही ठिकाणी चालू झालं आहे, पण "काही ठिकाणी" हे शब्द लक्षात ठेवा. दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं आणि थोडी रोकड, ती दोन माणसांकडे वाटून. दुकानातल्या यंत्राने "रुपयात भरणार की इथल्या चलनात" असं विचारलं तर इथल्या चलनात म्हणा, रुपयात घेतलं की दर महाग लावतात.

रस्ता ओलांडणं. नेपाळ, श्रीलंका, थायलंड, मलेशिया, सिंगापूर, जपान, मॉरिशस इथे गाड्या आपल्यासारख्या डावीकडून चालतात. आखात, युरोपचा बहुतेक भाग आणि व्हिएतनाममध्ये उजवीकडून. सवयीने आपण उजवीकडे बघून पाय टाकतो आणि गाडी डावीकडून येते. लहान मुलं आणि वयस्कर बरोबर असतील तर याला किमान 1 द्या.

आणि जेवण. इथे कोकणी माणसाचं नशीब चांगलं आहे. भात, नारळ, मासे एवढ्यावर ज्याचं पोट भरतं त्याला श्रीलंकेपासून इंडोनेशियापर्यंतचा सगळा पट्टा घरासारखा आहे. नाताळच्या सुट्टीत आम्ही गॉलजवळच्या एका छोट्या खाणावळीत जेवत होतो. भाताबरोबर माशाचे काळपट, कोरडे तुकडे आले, अंबुल थियल म्हणतात त्याला. आईने एक तुकडा तोंडात घातला, थांबली, बोटाने मसाला चाखला आणि म्हणाली, "आंबट कशाचं? चिंच नाही ही." खाणावळीच्या बाईंनी आतून सुकलेल्या काळ्या फोडी आणून तळहातावर ठेवल्या. गोरका. आपल्या कोकमाच्याच कुळातलं झाड. आईने त्या हुंगून बघितल्या आणि त्या दिवशी भात परत मागून घेतला. परदेशी जेवणाला आम्ही वहीत 2 लिहिलं होतं, ते मी तिथेच पेन काढून 0 केलं.

शाकाहारी माणसाचं मात्र उलट होतं. थायलंडच्या भाजीत माशाचा सॉस असतो, जपानच्या साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही सुक्या माशाचा अर्क असतो. म्हणून रकाना घराचा नको, माणसाचा हवा. एकाच ताटावर नवऱ्याला 0 आणि बायकोला 3 असू शकतात.

पाचवी पायरी: अंग

आपण समुद्रसपाटीची माणसं. दमट हवा, उकाडा, घाम याला आपण दबत नाही. उंचीला दबतो. साधारण 2,500 मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो आणि तो धडधाकट तरुणालाही होतो. तिबेटमधलं ल्हासा साडेतीन हजार मीटरच्या वर आहे. अशा जागी थेट विमानाने उतरून दुसऱ्या दिवशी डोंगर चढायला निघू नये. 3,000 मीटरच्या पुढे झोपायची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये, हा डॉक्टरांचा साधा नियम आहे.

भूतानचं उदाहरण यासाठीच आवडतं मला. कागद 0. लोक प्रेमळ, पाट्या इंग्रजीत, हिंदी चालते. पण ज्याचं चित्र बघून सगळे तिकीट काढतात तो तक्तसांगचा मठ 3,100 मीटरच्या आसपास कड्यावर आहे आणि तिथवर गाडी जात नाही. घोडे अर्ध्या वाटेपर्यंत, पुढे चढ आणि शेकडो पायऱ्या स्वतःच्या पायांनी. आईच्या नावापुढे अंगाच्या रकान्यात मी 3 लिहिले. मग आम्ही ठरवलं की ती खाली पारो गावात थांबेल. हे तिला घरी सांगितलं होतं, डोंगराच्या पायथ्याशी नाही. त्यामुळे रुसवा झाला नाही.

आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या अनेक देशांसाठी पिवळ्या तापाची लस लागते. बऱ्याच जणांना वाटतं ती तो देश मागतो म्हणून. खरी गाठ परतताना पडते. केनियासारख्या देशातून लसीच्या दाखल्याशिवाय भारतात उतरलात तर आपलंच सरकार सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतं. लस किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, ठरलेल्या केंद्रांवरच मिळते, एकदा घेतली की दाखला जन्मभर चालतो. म्हणजे यासाठी मुंबईची एक वेगळी फेरी धरा.

सहावी पायरी: कायदा

दुबईला बहिणीकडे निघालो होतो. पडवीत बॅग उघडी, आईने अनारशांचा डबा वर्तमानपत्रात गुंडाळून मधोमध ठेवलेला. मी डबा उघडला, एक अनारसा उलटा केला. खालून खसखस चिकटलेली. अमिरातीत खसखस बंदी असलेल्या मालात मोडते, सिंगापूरमध्येही, कारण ती अफूच्या झाडाचं बी आहे. आईचा विश्वासच बसेना. "देवाच्या नैवेद्याला चालते ती!" शेवटी डबा शेजारी गेला. घरच्या मसाल्यातही खसखस असते, हे विसरू नका.

सुकं खोबरंही बॅगेत नको. ते तेलकट, पेट घेणारं म्हणून आपल्याच विमानतळावर सामानातून काढतात. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला तर आंबा, कोकम, सुके बोंबील, कुळीथ, जे काही खाण्याचं आहे ते अर्जावर लिहून दाखवावंच लागतं. न्यूझीलंडमध्ये न सांगता नेलेलं एक फळ सापडलं तर जागेवर 400 डॉलर दंड होतो.

त्याहून गंभीर म्हणजे औषधं. आपल्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारी कोडीनची खोकल्याची औषधं, ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या अमिरातीत परवानगीशिवाय नेणं गुन्हा ठरू शकतं. जपानचेही सर्दी-खोकल्याच्या काही औषधांवर निर्बंध आहेत. घरातल्या प्रत्येकाच्या गोळ्यांची मूळ नावं (वेष्टनावर बारीक अक्षरांत असतात ती) लिहून काढा, त्या देशाच्या सरकारी यादीशी ताडून बघा आणि डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी, मूळ पाकीट, मोजक्या दिवसांचा साठा एवढंच न्या.

रीतभात हा कायद्याचाच शेजारी. कुवेत आणि सौदीत दारूचे नियम फार कडक आहेत. रमझानमध्ये कुवेतमध्ये दिवसा चारचौघांत खाल्लं तर दंड होतो, आणि रमझान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, म्हणून मित्राने पाच वर्षांपूर्वी सांगितलेला महिना धरून चालू नका.

सातवी पायरी: बिघडलं तर परतायचं कसं

हा रकाना लोक रिकामा ठेवतात. मला हाच सगळ्यात मोलाचा वाटतो.

2025 च्या सप्टेंबरात काठमांडूत आंदोलन पेटलं आणि विमानतळ बंद करावा लागला. त्याच वर्षी जूनमध्ये इराण-इस्रायल संघर्षात कतार, अमिराती, कुवेतचं आकाश काही तास बंद झालं आणि तिथून विमान बदलून युरोपला जाणारे कितीतरी लोक मध्येच अडकले. एरवी हे सगळे आपल्यासाठी सोपे देश. कोकणातल्या जुन्या माणसांना 1990 आठवतं. कुवेतमध्ये इराकचं सैन्य घुसलं तेव्हा अनेकांनी बगदादमार्गे अम्मान गाठलं आणि एअर इंडियाने दोनेक महिन्यांत 1,70,000 च्या आसपास भारतीयांना परत आणलं. आपल्या किनाऱ्यावर अशी गावं आहेत जिथे घराघरात त्यातला कुणीतरी होता.

म्हणून प्रत्येक देशासाठी चार प्रश्न लिहा. विमानसेवा बंद पडली तर जमिनीने बाहेर पडता येतं का? नेपाळमधून सुनौली किंवा रक्सौलला उतरता येतं, मॉरिशसमधून पोहता येत नाही. भारतीय वकिलात कुठल्या शहरात आहे आणि तिचा आपत्कालीन नंबर काय? तो मोबाइलबरोबर कागदावरही हवा, प्रत्येकाच्या खिशात. तिथे आपला कुणी ओळखीचा माणूस आहे का? आखाताच्या बाबतीत आपल्याला इथे दोन आकडे तरी सूट मिळते, गावचा कुणी ना कुणी तिथे असतोच. आणि चौथा, जास्तीचे चार दिवस राहावं लागलं तर पैसे आणि गोळ्या पुरतील का?

विमा याच रकान्यात. शेंगेनसाठी किमान 30,000 युरोचा आरोग्य विमा सक्तीचा आहे, बाकी बऱ्याच ठिकाणी नाही, तरी घ्याच. घेताना रक्कम बघून थांबू नका. आधीपासून असलेला मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यात धरला आहे का, तेवढं वाक्य शोधून वाचा. आमच्या शेजारच्या काकांचा दावा या एका वाक्यावर नाकारला गेला. परदेशातल्या दोन रात्रींच्या इस्पितळाचं बिल त्यांनी पुढच्या हंगामातल्या आंब्यातून फेडलं.

सुरक्षिततेची माहिती वाचताना आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या आणि त्या देशातल्या भारतीय वकिलातीच्या सूचना आधी. अमेरिकेचं परराष्ट्र खातं देशांना 1 ते 4 असे स्तर देतं, तेही बघा, पण तो आकडा अमेरिकन माणसासाठी आहे. आकड्याखाली कारण लिहिलेलं असतं: चोऱ्या, अपहरण, युद्ध, साथ. कुठल्या भागात, तेही असतं. ते वाचा.

आठवी पायरी: वही समोर ठेवून ठरवणं

आमच्या वहीतलं एक पान सांगतो. पत्नीला जपान बघायचं होतं, मुलीला दुबई, आईला काहीच नको होतं. जपान: कागद 2, वाट 2, रोजचा दिवस 1, कायदा 1, परतणं 1. इथवर छान. अंगाच्या रकान्यात आईपुढे 3, कारण तिथे रोज स्टेशनांतून कितीतरी चालावं लागतं आणि लिफ्ट शोधत फिरावं लागतं. दुबई: अंगात डिसेंबरसाठी 1, बाकी सगळीकडे 0 नाहीतर 1, मुक्काम बहिणीकडे. श्रीलंका: एकही 3 नाही, पण अंगात आईपुढे 2, कारण जिने.

आम्ही त्या वर्षी श्रीलंका धरली. जपान पत्नी आणि मुलीसाठी बाजूला ठेवला, त्या दोघींच्या पानावर त्यात 2 च्या वर आकडाच नाही.

पैसे भरायच्या आदल्या रात्री एक काम करतो आम्ही. ज्याच्या नावापुढे सगळ्यात मोठा आकडा आहे, त्याने शेवटचं बोलायचं. बाकीच्यांनी गप्प बसायचं. आई बराच वेळ खळ्यात बसून राहिली, मग म्हणाली, "तिकडे खोली खाली मिळेल का? रात्री मला दोनदा उठावं लागतं." गॉलच्या त्या घरगुती हॉटेलला मी लगेच फोन लावला. तळमजल्यावर एकच खोली होती, अंगणाच्या बाजूची. ती आधी पक्की केली आणि तिकिटं त्यानंतर काढली.